काचेतली सुमन

अण्णांनी आयुष्यात एकच लग्न मोडलं. तेही चुकून.

आणि ते मरेपर्यंत मनाला लावून घेतलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आमचं पौडचं घर म्हणजे पुढे माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोटो स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर आणि मोरीत डार्करूम. लाल दिवा लागला की अंघोळ बंद! अर्धं कॉलेज मी पारोशीच केलं, शप्पथ.

आजपासून ते घर सगळ्यांना बघायला खुलं केलंय. कॅमेरा, मोरी, धबधब्याचा रंगवलेला पडदा, सगळं होतं तसंच. (ताम्हिणीत खरे धबधबे पडलेत, पण लोकांना फोटोत आमचाच लागायचा.)

हिंजवडीच्या ऑफिसातून आठ दिवस सुट्टी काढून भिंतींवर जुने फोटो मीच लावले.

आणि तिथेच माती खाल्ली.

अण्णांचा नियम होता, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो लावायचा नाही.

कारण स्टुडिओ नवा असताना त्यांनी सुमन नावाच्या मुलीचा फोटो बाहेरच्या काचेत लावला होता. स्थळाला दाखवायला काढलेला. फार सुरेख आला, म्हणून एक मोठी कॉपी काचेत. तोवर तिचं लग्न ठरलं. बाजाराच्या दिवशी मुलाकडच्यांनी तो पाहिला.

"आमची सून दुकानात टांगलीय!"

मोडलं लग्न. अण्णा माफी मागायला गेले, तर तिच्या वडिलांनी दारातूनच हाकललं.

ही गोष्ट मला तोंडपाठ. पण सुमन दिसायला कशी, हे कुठे ठाऊक होतं? ट्रंकेच्या तळाशी एक फोटो सापडला. दोन वेण्या, ओठांत दाबलेलं हसू. मागे नाव नाही. मला आवडला, लावला मधोमध.

सकाळी अकराच्या सुमारास एक आजी आल्या. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"ह्यो कुणी लावला?"

"मी. का हो?"

"ही मी हाय. सुमन."

बापानं केलेली चूक मी त्याच्याच वर्षश्राद्धाला पुन्हा केली! "चुकलं हो, माफ करा" म्हणत फोटो काढायला स्टुलावर चढले.

"ए, उतर खाली. हात नगं लावू."

मग स्वतःच स्टुलावर बसल्या.

"तुज्या बापाचे लई उपकार हायेत माज्यावर. माजं मोडलं त्या घरात मग दिलेली दुसरी पोरगी जाचाला कटाळून वर्षात माहेरी आली, ती परत गेलीच न्हाई. मला कासारसाईचे मास्तर मिळाले. सोन्यासारका संसार झाला बग."

मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. "मग अण्णांना का नाही सांगितलं? जन्मभर झुरले ते!"

"मला काय म्हाईत, त्ये मनात धरून बसलेत? वाटलं, इसरले आसतील."

पदरानं डोळे पुसले त्यांनी. मी माझे ओढणीनं.

रडत होते, पण हुश्श वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

मग रीतसर विचारलं, "आजी, हा फोटो इथे राहू दे का?"

"हितं आत कोण बगतंय? भाईर काचेत लाव. हुता तितंच."

लावला. बाजाराला आलेली माणसं थांबून बघतायत.

अण्णा, या वेळी विचारून लावलाय.

आता निवांत झोपा.