तेलाची मागणी करणारे भावोजी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, टाइल्सच्या शोरूममध्ये विक्रेते आहेत आणि त्यांना सगळं कळतं. हे मत त्यांचंच. बाकी कुणाचं तसं मत असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दिवसभर ते गिऱ्हाइकांना सांगतात, "चकचकीत टाइल बाथरूमला नको, पाय घसरेल. खरखरीत घ्या, पाय धरून ठेवते." एवढी सोपी गोष्ट त्यांना कळत होती, पण फक्त टाइलपुरती.

शोरूमच्या मागच्या रस्त्याला बोलिंगचा हॉल आहे. आम्ही तिघं रविवारी दुपारी तिथे खेळायला जायचो. बोलिंगच्या लेनवर पुढच्या भागात तेलाचा पातळ थर द्यावा लागतो. त्या थरावरून बॉल घसरत सरळ जातो, आणि थर संपला की पकड घेऊन टोकाला उभ्या पिनांकडे वळतो. आमच्या हॉलचा मालक मात्र तेलाच्या बाबतीत असा चिकट, की "परवाचं आहे की अजून!" म्हणून वेळ मारून न्यायचा. लेन कायम कोरड्या ठणठणीत.

हॉलमध्ये जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. भावोजींनी ताईचं नाव तिला न विचारता आपल्याबरोबर घातलं, आणि मग त्यांना साक्षात्कार झाला की हॉलमधले भाड्याचे बॉल आपल्या लायकीचे नाहीत. आम्ही बोलिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथली मालकीण स्वतः बॉलला बोटांची भोकं पाडून द्यायची. बोलायला फटकळ. भावोजींनी गडद लाल, खरखरीत पृष्ठभागाचा, दुकानातला सगळ्यात जास्त वळणारा बॉल उचलला.

"खेळता कुठे?" तिने विचारलं.

भावोजींनी हॉल सांगितला.

"तिथे? मग ठेवा तो खाली. तो तेलकट लेनचा बॉल आहे. तुमच्याकडे हातातून सुटल्या सुटल्या पकड घेईल आणि डावीकडे पळेल. प्लास्टिकचा घ्या. कडक असतो, गुळगुळीत असतो, कोरड्यावर उगाच वळत नाही."

"प्लास्टिकचा लहान मुलांना द्या," भावोजी हसले. "मला बॉल वळवायचाय."

"वळेल," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

वळला. पहिल्याच रविवारी तो निम्म्या वाटेतच डावीकडे वळला आणि पिनांची तोंडओळखही न होता लेनच्या कडेच्या गटरात गेला. दुसराही तसाच. भावोजींनी आधी बुटांना दोष दिला, मग मनगटाला, मग मी मागे उभा राहून हसत होतो त्याला. मग ते उजवीकडे सरकू लागले. सरकता सरकता शेजारच्या लेनवर पोचले. तिथली एक बाई नम्रपणे म्हणाली, "काका, आमचा नंबर आहे."

यावर एखाद्याने बॉल बदलला असता, निदान चांगला पॉलिश करून घेतला असता. मी तसं सुचवलंही.

"आता तू शिकवणार मला?" भावोजी म्हणाले. त्यांचं निदान असं होतं, की बॉल घसरून गटरात जातो, म्हणजे त्याची पकड कमी पडते. म्हणून त्यांनी शोरूममधून सँडपेपर आणला आणि बाल्कनीत मांडी घालून बॉल आणखी खरखरीत केला. ताई दारात उभी राहून बघत होती. "खरखरीत धरून ठेवतं, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता की हो. आता हा आणखी लवकर पकडेल," एवढंच म्हणून ती आत गेली. पुढच्या रविवारी तो बॉल इतक्या लवकर वळला, की मालक काउंटरवरून उठून लेन वाकडी झालीय का ते बघायला आला.

तेव्हापासून भावोजींनी मालकाचा पिच्छा पुरवला. येता-जाता एकच धोशा. "लेनला तेल लावा. हा काय हॉल आहे? वाळवंट आहे!" इकडे आरडाओरडा चालू असताना तिकडे त्यांनी गुपचूप त्याच दुकानात जाऊन प्लास्टिकचा बॉल आणला. आम्हाला सांगितलं, मुद्दाम साधा घेतला, आव्हान म्हणून. बॉल सरळ जायला लागला, शेवटी किंचित वळून पिना पडू लागल्या, आणि कोरड्या लेनवर कोणता बॉल वापरावा यावर भावोजी अख्ख्या हॉलला व्याख्यान देऊ लागले. मालकाकडची तक्रार मागे घ्यावी, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मालकाने कटकटीला कंटाळून तेल लावलं. इतक्या दिवसांची कंजुषी एकदम भरून काढल्यासारखं, सढळ हाताने.

भावोजींनी सरावाप्रमाणे थोडं उजवीकडे धरून बॉल सोडला. गुळगुळीत बॉल, तेलकट लेन. तो वळायचं नावच घेईना. एकाही पिनेला न दुखावता तो उजव्या कडेने निघून गेला. दुसरा त्याच्या मागे.

"लाल कुठाय?" ताईने विचारलं.

"घरी."

"आज त्याची गरज होती."

भाड्याच्या बॉलने ताई बऱ्यापैकी खेळली, तरी त्यांची जोडी शेवटची आली. भावोजी ताडताड काउंटरवर गेले. "हे तेल लावायला कुणी सांगितलं होतं?"

मालकाने शांतपणे वर बघितलं. "तुम्हीच."

सगळा हॉल हसला. भावोजींचे कान लाल झाले. ते खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले, आणि गाठ काही सुटेना. मला क्षणभर खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी तोंड उघडलं. "तेल लावायचीसुद्धा पद्धत असते," ते म्हणाले, आणि माझी दया गेली.

त्यानंतर त्यांनी बोलिंग सोडलं. खेळात आता दम राहिला नाही म्हणे. ताईने नाही सोडलं. ती आता दुकानाच्या मालकिणीबरोबर जोडीने खेळते, आणि खेळायच्या आधी लेनवरून बोट फिरवून बघते, तेल आहे की नाही. दोघी फारसं बोलत नाहीत, पण हसतात खूप.

भावोजींनी मासे पाळलेत. पहिला मासा मेला, तेव्हा त्यांनी पाण्याचा दोष काढला.