छपरीच्या पुलाखालचं धन

दामोदरभाऊ आमच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून वरोऱ्याहून आले, त्याच आठवड्यात मी त्यांना नाल्यावरच्या छपरीच्या पुलात पाहिले. सागवानी खांबाला कान लावून ते उभे होते. मी त्यांचा सहायक शिक्षक. नमस्कार केला, तर हातानेच गप्प राहायला सांगितले. हातोडीने खांब ठोकला, पुन्हा कान लावला. मी मनात म्हटले, या गृहस्थांचे काहीतरी वेगळेच चालले आहे.

हा पूल गोंडराजांच्या काळचा, असे आमच्याकडे सांगतात. वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे छप्पर, खाली बैलगाडी जाईल एवढी वाट. भाऊ येण्याआधी त्याचे हाल पाहवत नव्हते. कोणी गोठ्यासाठी कवेलू नेई, कोणी चुलीसाठी फळी, आणि उरलेले उधई, म्हणजे वाळवी, खाई. अशा पुलात परगावचा माणूस रोज शाळा सुटल्यावर ठोकत बसतो म्हणजे काय! गावाने निकाल लावून टाकला: पुलाखाली राजाचे धन आहे आणि हेडमास्तरांना त्याचा पत्ता लागला आहे.

"अजी, उधई पाहून राह्यलो," भाऊ सांगत. लोक डोळे मिचकावत. मलाही पटले नव्हते. उधईसाठी कोणी स्वतःच्या घरचे तेल आणून खांबाला चोळते का हो?

मग पाळत सुरू झाली. पुलाला लागून घर असलेल्या सोनाबाई तर दारातून हलत नसत. कोणी फळीला हात लावला की ओरडत, "काऊन रे, काय शोधून राह्यला तिथी?" चोऱ्या आपोआप थांबल्या. छप्पर फेरायला, म्हणजे कवेलू काढून पुन्हा नीट रचायला, भाऊंनी माणसे मागितली, तर घरटी एक माणूस हजर! भाऊंना तिथे एकटे सोडायचे नाही, एवढाच हेतू.

माणूस मात्र मायाळू, हे कबूल केले पाहिजे. मी हिवतापाने पडलो, तेव्हा रोज पेज घेऊन येत, उशाशी बसत. तापात मी धनाबद्दल काय बडबडतो ते ऐकायला येतात, अशी माझी तेव्हा खात्री होती.

पुढे सिमेंटचा पूल मंजूर झाला आणि जुना पाडून त्याचे सागवान न्यायला ठेकेदार आला. सारा गाव आडवा झाला. सोनाबाई गाडीपुढे उभ्या राहिल्या. "आमी हेडमास्तरले नेऊ नाई देलं, तुमाले नेऊ देऊ का?" ठेकेदार कळवळून सांगे, मला फक्त लाकूड पाहिजे. कोण विश्वास ठेवणार? शेवटी तो रिकाम्या गाड्या घेऊन गेला. नवा पूल वरच्या अंगाला झाला. छपरीचा आहे तिथेच आहे.

भाऊंच्या साठीनिमित्त लिहायचे ठरले, तेव्हा मी सरळ विचारले, "भाऊ, आता तरी सांगा. खाली काही आहे का?"

त्यांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "गुरुजी, हाये असं मी कधी म्हटलं का?"

"नाही."

"नाई असं तरी म्हटलं का? उद्या नाई म्हटलं, तर पुलावर नजर कोण ठेवीन?"

उत्तर फारच हुशारीचे आहे. म्हणूनच मला ते खरे वाटत नाही.

भाऊंनी शंभरी पाहावी, त्यांचा हात चालता राहो, कान शाबूत राहोत. पलीकडच्या टोकाचा शेवटचा खांब ते इतरांपेक्षा जास्त वेळ का ऐकतात, यावर सोनाबाईंची आणि माझी नजर आहेच.