मंडळाच्या टेबलावर मासा

मिनेसोटातल्या आमच्या गावात मराठी घरं जेमतेम दहा-बारा, पण मंडळ होतं. मंडळाच्या अध्यक्ष एक काकू, मूळच्या पुण्याच्या, यजमान हृदयाचे डॉक्टर. पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी आईच्या पद्धतीने तळलेला मासा घेऊन गेलो, तेव्हा काकूंनी डबा दारातच घेतला, त्यावर आणखी एक फॉइल गुंडाळलं आणि घरामागच्या लाकडी डेकवर बर्फात नेऊन ठेवला. "बाहेर छान टिकेल हो," म्हणाल्या. टिकलाच. जेवणं होईपर्यंत त्याची वीट झाली होती.

मी भोयाचा. वडील भीमेवर जाळं टाकायचे, आई बाजारात पाटी घेऊन बसायची, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. हॉलला वास लागतो म्हणून मासे नकोत, असा मंडळाचा नियम. त्याच वासावर माझं इंजिनियरिंग झालं, हे नियम करणाऱ्यांना कोण सांगणार? मीच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नियम तसाच राहिला.

गावाला लागून तळं होतं. तळं आपलं म्हणायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. त्यात वॉलाय मिळायचा. पांढरं, गोडसर मांस, काटे कमी, आणि डोळे काचेच्या गोटीसारखे. त्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, त्यामुळे हा मासा ढगाळ हवेत नाहीतर तिन्हीसांजेला गळाला लागतो. ऑफिस सुटलं की मी तिथेच. तळ्याचा तळ मला माझ्या अपार्टमेंटपेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो जून. तळ्यावर वॉलायची स्पर्धा होती. एका बोटीत दोघं, आणि दुपारपर्यंत मिळालेल्या सहा मोठ्या माशांचं मिळून वजन. मी भाग घेतोय असं मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. काकू हसल्या. "पहिल्या तिनांत ये, मग तुझा मासा टेबलावर ठेवू. अगदी मधोमध." हे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, म्हणजे ते होणार नाही याची त्यांना खात्री होती.

मलाही खात्री होती, फक्त उलटी. पाण्याखाली खडकाचा एक उंचवटा होता, मासे हमखास तिथे. इथली माणसं आपली जागा बायकोलाही सांगत नाहीत. मी पेपर नॅपकिनवर नकाशा काढून वीस लोकांना व्याख्यान दिलं.

माझा जोडीदार ऑफिसमधला टेक्निशियन. बोट त्याची. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन हवेबद्दल. शनिवारी पहाटे ढग होते, पाण्यावर बारीक लाटा, म्हणजे अगदी मनासारखं. उंचवट्यापाशी पोचलो, तर तिथे भाड्याची पाँटून उभी. पाँटून म्हणजे तराफ्यावर मांडलेला दिवाणखाना. साड्यांवर नारिंगी लाइफ जॅकेट, थर्मास, चिवडा, टेपवर भावगीतं. मला चिअर करायला अख्खं मंडळ आलं होतं, आणि डॉक्टरकाकांनी नांगर नेमका माझ्या खडकावर टाकला होता.

"तुझ्या ओळखीचे?" जोडीदाराने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात काकूंची हाक आली, "अरे, इकडे ये की. चहा घेतोस का?"

त्याला मराठी येत नव्हतं, पण हाक कुणाला आहे ते कळलं. त्याने बोट वळवली.

दुसरीकडे पाच मासे मिळाले, सगळे बेताचे. अकराच्या सुमारास ऊन पडलं आणि तळं थंडावलं. कुणाचीच काठी हलेना. आणखी एक मोठा मासा मिळाला तर तिसऱ्या नंबरची आशा होती. वॉलाय आता सावली शोधणार, आणि उंचवट्यावर सावली एकच होती. मंडळाची.

इंजिन बंद करून आम्ही हळूच पाँटूनच्या कडेला गेलो. टेप बंद करा, कुणी हलू नका, असं मी सांगितलं, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे एकदम गप्प बसले. गळाला आमिष म्हणून जळू लावून दोर सावलीत सोडला. जरा वेळाने हिसका बसला. मासा जड होता आणि सरळ नांगराच्या दोराकडे निघाला. तिथे अडकला की खलास.

"सैल सोड, सैल सोड," वरून आवाज आला. "आता ओढ! अरे ओढ, बघतोस काय!" हे डॉक्टरकाका. जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस कठड्यावरून निम्मा बाहेर आला होता.

जोडीदाराने हातजाळी खाली घातली. मासा वर आला तशी काकू म्हणाल्या, "केवढा आहे रे." मग आठवण होऊन म्हणाल्या, "बिचारा."

आम्ही तिसरे आलो. नियमाप्रमाणे वजन झाल्यावर मासे जिवंत पाण्यात सोडले. काकूंचा चेहरा उजळला. "सोडलास? मग आता टेबलावर काय ठेवायचं?"

"काकू, माझा फ्रीझर भरलाय," मी म्हणालो.

आईला फोनवर सगळं सांगितलं. नंबराचं तिला काही वाटलं नाही. धरलेला मासा पाण्यात सोडला, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आन मग शिकलास काय?"

चार जुलैच्या पिकनिकला काकूंनी शब्द पाळला. डबा मधोमध ठेवला, शेजारी 'नॉनव्हेज' अशी पाटी. बटाटेवडे आणि श्रीखंड दोन्ही बाजूंना इतके सरकले होते की जणू डब्यात सुरुंग असावा. मी उभा होतो तोवर कुणी जवळ फिरकलं नाही. शेवटी कंटाळून व्हॉलीबॉल खेळायला गेलो. परत आलो तर डब्यात फक्त लिंबाची फोड होती.

कुणी खाल्लं, विचारलं. कुणीच नाही. डॉक्टरकाका पेपर नॅपकिनने एकेक बोट पुसत ढगांकडे बघत होते.

"मुलांनी खाल्लं असेल," काकू म्हणाल्या. "इथे वाढलेली मुलं, त्यांना काय." मग रिकामा डबा माझ्या हातात देताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मोठा डबा आण. मुलांसाठी."