अक्काची थाप

माझी नात सांगलीत कॉलेजला आहे आणि घरी लॅपटॉपवर गाणी बसवते. गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे राहायला आलो, तेव्हा तिनं माझ्या ढोलाच्या थापा एकेक करून माइकवर टिपून घेतल्या. मग वहीएवढी एक चपटी डबी पुढं ठेवली. वर सोळा रबरी चौकोन, बाजूला गोल खुंट्या. म्हणाली, "आबा, हे पॅड. तुमचा ढोल आता ह्याच्यावर वाजणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं. आम्ही माणदेशातले धनगर. फेर धरून नाचायचा आमचा गजीचा नाच सुरू व्हायच्या आधी ढोल उन्हाला नाहीतर जाळाला धरल्याशिवाय मी कधी वाजवला नव्हता.

नात धावत आली. "आबा, हे कातडं नाही, रबर आहे!"

"मग ताणायचं कशानं?"

"ताणायचंच नसतं हो!" हसत हसत ती तिथंच बसली आणि शिकवायला लागली.

एकेका चौकोनावर एकेक थाप बसवलेली होती. कडेचं एक बटण दाबलं की तेच सोळा चौकोन दुसरे सोळा आवाज काढायचे. खुंटी पिळली की घुमारा वाढायचा. बोट हळू लागलं तर आवाज हळू, जोरात लागलं तर मोठा. तोही फरक दुसऱ्या एका खुंटीनं कमी-जास्त करता यायचा. एवढं डोक्यात शिरायला मला आठवडा लागला. पोरगी एकदाही चिडली नाही. आमच्या वस्तादानं त्यात दोन काठ्या मोडल्या असत्या.

एकदा लॅपटॉपची वायर निघाली आणि पॅड नुसतं टपटप करायला लागलं.

"बिघडलं गं."

"नाही आबा. ह्यात स्वतःचा आवाज नसतोच. कुठला वाजवायचा तेवढं हे सांगतं. आवाज दुसऱ्याचा."



मग ती चौकोनांना नावं द्यायला बसली. नाचाचा फेर उलटा फिरतो तिथली, काही ठोके मिळून झालेली थाप आली. "ही तर सगळ्या गावाला माहीत आहे. 'आबांची थाप' लिहिते."

"नको लिहू," मी म्हणालो.

ती थाप माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. लहानपणी मेंढरं घेऊन आम्ही उंब्रजकडं उतरायचो. तिथं एका रानात अक्कानं ती दुधाच्या डब्यावर काढली आणि मला शिकवली. आमच्यात बाया ढोल वाजवत नसत, म्हणून गावात मी वाजवली. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुणी शिकीवली रं?" मी म्हणालो, "मलाच सुचली." अक्का घागर घेऊन तिथंच उभी होती. चार माणसांत मला खोटं पाडणं तिला सोपं होतं. तिनं पाडलं नाही. त्यानंतर पन्नासाहून जास्त वर्षं मी त्या थापेचा मान घेत आलो.

नातीनं सगळं ऐकून घेतलं. "अक्काआजी इथं जवळ माधवनगरलाच आहे ना? मग चला की."

अक्का दारातच बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं.

"आत्ता आठवलं व्हय रं?" ती म्हणाली. "मला वाटलं, सरणावर चढल्यावर सांगशील. बस खाली."

नातीनं पॅड लॅपटॉपला जोडून तिच्या मांडीवर ठेवलं. संधिवातानं अक्काची बोटं वाकडी झालीत. तिनं चौकोन दाबला, आवाज जेमतेम आला. तिनं हात मागं घेतला. "न्हाई जमायचं आता."

नात पुढं झाली, पण हळू-जोराची ती खुंटी मला ठाऊक होती. मी स्वतः ती फिरवली, हलक्या बोटालाही पूर्ण ठोका निघेल असं केलं. अक्कानं पुन्हा बोट टेकवलं आणि ढोल असा घुमला की ती दचकलीच. मग हसली. मग वाजवत राहिली. मधेच थांबून म्हणाली, "तू शेवटचा ठोका आधी घेतोस. मेंढरू पाय उचलून जरा थांबतं न्हवं? तेवढं थांबायचं. इतकी वर्सं चुकीची वाजीवलीस, आन् म्हणं मलाच सुचली!"

नातीनं ती नव्यानं टिपली आणि नाव लिहिलं: अक्काची थाप.

दसऱ्याला गावात, नाच सुरू होण्याआधी, मी सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि फोनवरून ती थाप ऐकवली. मग माझ्याच वयाचा एकजण म्हणाला, "मग आता तरी बराबर वाजीव की गड्या."

वाजवतो, पण अजून चुकतो. रविवारी अक्काला फोनवर वाजवून दाखवतो. ती तिकडून ओरडते, "थांब की रं जरा!" मला ओरडायला ती अजून आहे, हे माझं नशीब.