एकट्यात विचारायचे प्रश्न

आमच्या नांदेडच्या कॉलेजकडून मी आणि लातूरच्या सुरेखाताई गावोगाव बायकांचा सर्व्हे करत फिरलो. वय, शिक्षण, मुलं, घरात माणसं किती आणि या सगळ्यात बाई सुखी आहे का, असा बावीस पानी फॉर्म! त्यात मावलं ते कॉलेजातल्या साहेबांना दिलं. उरलेलं माझ्याकडे साचलंय, चार मैत्रिणी भेटल्या की बाहेर पडतं.

* * *

नियम एकच, बाईला एकटीला विचारायचं. पहिल्याच घरी सुनेला विचारलं, तब्येत कशी असते? सासूबाई आतून म्हणाल्या, "तिला काय धाड भरलीय? बरी हाय, लिवा." मनावर ताण येतो का, याचंही उत्तर त्यांनीच दिलं. "लई येतो. तिच्यामुळं."

* * *

लातूर शहरातली एक सून एम.ए. झालेली. घरातले निर्णय कोण घेतं विचारल्यावर ताठ बसून म्हणाली, "मीच." मी खूश. उदाहरण मागितलं. "रोजची भाजी मीच ठरवते. ह्यांना वांगं लागतं, मग वांगं करते."

परतताना ऑटोत सुरेखाताई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, आमच्याकडंही वांगंच असतं.

* * *

शेवटी सुरेखाताईंनी शक्कल काढली. सासूला ओसरीवर बसवायचं आणि तिचाही फॉर्म भरतोय असं दाखवायचं. फॉर्म कसला, कोरा कागद! एका सासूला त्यांनी उगीच विचारलं, तुम्हाला काय आवडतं? "ह्ये कुणी इचारलंच न्हाई," म्हातारी म्हणाली आणि दीड तास बोलत राहिली. त्या कोऱ्या कागदाची मला लाज वाटली.

* * *

रेणापूरजवळच्या एका गावात सोयाबीनच्या राशी चालू होत्या, मळणीची घाई. सविता तेवीस वर्षांची, दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. सासूला सुरेखाताईंनी बाहेर गुंतवलेलं. सविता भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. दिवसातून आराम किती, या प्रश्नावर तिनं बराच हिशेब केला आणि म्हणाली, "जेवताना बसते की."

बाविसावं पान संपलं. मी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात सासूची हाक आली, "सविता, झालं का गं?"

सविता उठली नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "ताई, पहिल्यापासून इचारा की."

मी बाहेर ओरडून सांगितलं, अजून बरंच राहिलंय मावशी. पहिलं पान काढलं.

"नाव?"

"सविता," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.