काट्यावर बसलो नाही

त्या दिवशी पहाटे आम्ही दोघांनी जातं ओढलं. समोरासमोर बसून, एकाच खुंट्यावर दोन हात. तिचा वर, माझा खाली. दादर ज्वारीचं पीठ पडत होतं. पाण्याला निघालेली एक बाई दारात थांबली, पदराआडून हसली. "आबा, लुगडंबी नेसा आते."

बायकोनं मान वर केली नाही. म्हणाली, "हासू द्या तिले. आज फक्त काटावर बठू नका."

तो काटा अमळनेरच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होता. मी तिथे मापाडी, कापूस तोलायचो. दिवाळीनंतर नवा कापूस आला की काट्याची पूजा व्हायची. हळद, कुंकू, नारळ. आणि काटा खरा आहे हे दाखवायला सगळ्यात आधी माणूस तोलायचा. तो माणूस दर वर्षी मी. कारण मी जाड. एका पारड्यात मी पाय दुमडून बसायचो, दुसऱ्यात लोखंडी वजनं चढायची. साखळ्या करकरायच्या. शेठ ओरडायचा, "आणा रे, ढोल्या अजून हलला नाही!" व्यापारी, दलाल, गाडीवान, बठ्ठे हसायचे. मीपण हसायचो. काय करणार? नोकर माणूस.

शेठचं पोट माझ्यापेक्षा मोठं होतं. त्याच्या पोटाला लोक लक्ष्मी म्हणायचे. माझ्या पोटाचा तमाशा. आणि हे पोट आलं कुठून? शेठच्या पंगतीतलं उरलंसुरलं मलाच मिळायचं. तेलकट पुऱ्या, लाडू, आंबलेली बासुंदी. नाही म्हणायची सोय नव्हती. काम बसून. ओटा चढलो तरी धाप लागायची. रात्रभर गुडघे ठणकायचे. माझे पाय मला दिसत नव्हते. वहाणा बायको वाकून घालून द्यायची.

आदल्या वर्षीच्या पूजेनंतर घरी आलो, भिंतीकडे तोंड करून पडलो. तिला सगळं कळलं. म्हणाली, "तुमनं आंग तुमनं शे. त्यास्नं नही."

दुसऱ्या दिवशी शेठकडून आलेलं पातेलं तिनं दारातच म्हशीपुढे ओतलं. आणि मला जात्यावर बसवलं. पुरुषानं दळायचं? आमच्यात? मी लाजलो. चिडलो. थोड्याच फेऱ्यांत घामानं भिजलो. ती म्हणाली, "ओढा. मी शे ना समोर."

तेव्हापासून रोज पहाटे जातं. मग भाकर, चटणी, ताक. जिनात जायचो ते पायी. आधी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बसून जायचो, बैल थकायचे. होळीपर्यंत धाप कमी झाली. पावसाळ्यात रात्रीची झोप लागायला लागली. एक दिवस मी स्वतः वाकलो आणि वहाण घातली. वर पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून रडत होती. म्हणाली, "काढा. परत घाला. माले देखू द्या." मी काढली, परत घातली. त्या दिवशी जिनाच्या फाटकातून मी खाली मान घालून आत गेलो नाही.

पूजेच्या दिवशी शेठनं मला नीट न्याहाळलं. "अरे, हा तर वाळला! आमचा शकुन बिघडवतो काय?" लाडवांचं ताट माझ्यापुढे केलं. "खा. आणि बस."

सगळे बघत होते. पारडं खाली टेकवलेलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मी जाड होतो, तेव्हाही मी गठडी नव्हतो. हे कळायला मला वाळावं लागलं.

"बसणार नही," मी म्हणालो. "मी माणूस शे, कापूस नही."

कुणी हसलं नाही. शेठ म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नको."

मी निघालो. तिला कधी सांगतो असं झालं होतं. गावाजवळ आलो, तोच शेतातून कुणी ओरडलं, "पळा आबा! आक्काले पान लागनं!"

साप चावला की आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. माझ्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. ती कापूस वेचायला गेली होती.

मी पळालो. पिकल्या केसांचा माणूस, पण पळालो. ढेकळांतून, बांधांवरून. दम तुटला नाही. गुडघ्यांनी दगा दिला नाही. वर्षभर तिनं जे अंग घडवलं, त्या अंगानं मला वेळेत तिच्यापाशी पोचवलं.

पोचून काय केलं? काही नाही. भगत कडुलिंबाचा पाला फिरवत होता. दवाखाना लांब. कुणी गाडी जुंपत होतं. तिची जीभ जड झाली होती. मी तिच्या कानाशी वाकलो. "बसलो नही वं मी. बसलो नही."

डोळे उघडे होते तिचे. ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा माणूस आला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून झाकलेलं पातेलं घेऊन. "शेठ म्हणतात, झालं गेलं विसरा. खा, अंग भरा. पुढल्या पूजेला लागाल."

मी पातेलं उघडलंसुद्धा नाही. त्याच्या हातात परत ठेवलं. म्हणालो, "शेठले सांग. हे आंग मनं शे. त्यास्नं नही."

तो गेल्यावर जात्याजवळ बसलो. शेजारीण दारातून कळवळून म्हणाली, "आबा, सुतकमां दळू नही."

मी मूठभर दादर जात्यात टाकली. खुंट्याला खाली हात घातला. वरची जागा मोकळी ठेवली. आणि ओढलं.