तळमजल्यावरच्या बाईसाहेब

माणसाने किती जणांवर जीव लावावा याला काही मर्यादा असते, हे आमच्या तळमजल्यावरच्या भाऊजींना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोणी सांगायला गेलं असतं तर त्यांनी त्यालाच खुर्चीत बसवून त्याची नाडी बघितली असती. मुलांनो, तुमच्या आईने तुम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं आहे, की आजीच्या सिंगापूरच्या बिल्डिंगमध्ये एकांना घोरपड चावली होती. ते खरं आहे. पण ती गोष्टीची सुरुवात नव्हे. चावणं ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आनंदाची बातमी होती, आणि ती आनंदाची का होती हे क्रमाने सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

तुमची आई कॅनडाला गेल्यानंतरची ती वर्षं. मी आणि तुमचे आजोबा मरीन परेडच्या एका कॉन्डोमध्ये चौथ्या मजल्यावर राहत होतो आणि भाऊजी तळमजल्यावर. मूळचे पुण्याचे, तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, वय अठ्ठावन्नच्या आसपास. मूलबाळ नव्हतं आणि पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. नात्याने ते आमचे कोणीही नव्हते. पहिल्याच भेटीत मला वहिनी म्हणाले, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणू लागले. तुआसला दिवसभर मोठाली जहाजं बरी करून या माणसाचं समाधान होत नसे. संध्याकाळी घरी येताना ते कोणीतरी टाकून दिलेला टेबलफॅन, काडी मोडलेली छत्री, मान टाकलेलं झाड असं काहीतरी उचलून आणत आणि दुरुस्त करत बसत. कॉन्डोच्या बागेतल्या एका बोगनवेलीची फांदी वाऱ्याने पिचकली, तर त्यांनी तिला दोन पट्ट्या लावून क्रेप बँडेज बांधलं. मॅनेजमेंटचं पत्र आलं, की शोभेच्या झाडांना परवानगीशिवाय बँडेज बांधू नये. मला त्या पत्राने फार लाज वाटली. भाऊजींनी उलट टपाली कळवलं, की बँडेज एकवीस दिवसांनी निघेल.

प्राण्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. तुमचे आजोबा त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, पण आजोबांना ते 'अरे' म्हणत आणि कबुतराला 'अहो'. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, याच्याशी दहा वर्षांची ओळख आहे. त्यांची माझी ओळख किती?" आमच्या घरी सत्यनारायण होता, तेव्हा तिसऱ्या अध्यायात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आवाज आला. गुरुजी थांबले, मी थांबले, सगळे थांबले. भाऊजींनी खिशात बघितलं. पंखाला लागलेली एक साळुंकी रुमालात गुंडाळलेली होती. "चालू द्या गुरुजी," ते म्हणाले, "त्या ऐकताहेत." प्रसाद वाटताना त्यांनी दोन द्रोण मागून घेतले.

आता मूळ गोष्ट. एका सकाळी भाऊजी दारात आले, दाढी वाढलेली. म्हणाले, "वहिनी, घरात आजारपण आहे. थोडा मऊ भात मिळेल का?" आपल्याकडे अशा वेळी कोण आजारी, काय झालंय, असं दारात विचारत नाहीत, डबा भरतात. मला वाटलं, पुण्याहून त्यांची थोरली बहीण आली असावी आणि हवा बाधली असावी. मी मऊ भात केला, वर तूप घातलं, मेतकूट घातलं, आणि डब्यावर चिठ्ठी लावली: थोडं थोडं, दर तीन तासांनी, लिंबाचं लोणचं नको. असे मी सहा दिवस सहा डबे पाठवले. रोज विचारत होते, "जेवल्या का?" आणि भाऊजी मान हलवत. "बाईसाहेबांना अन्न जात नाही, वहिनी." बहिणीला कोणी बाईसाहेब म्हणतं का, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

सातव्या दिवशी मी स्वतः खाली गेले. काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर माझे सहा डबे आणि सहा झाकणं तिकडे अडकली होती आणि मला रिकामी फळी बघवत नव्हती. भाऊजींनी मला मागच्या खोलीत नेलं. पडदे ओढलेले होते. पलंगावर त्यांच्या पत्नीची निळी शाल पसरलेली, तिच्याखाली कोणीतरी अंग आखडून निजलेलं, कडेला गरम पाण्याची पिशवी. उशीवर डोकं होतं. मी वाकून म्हटलं, "कसं वाटतंय आता?" तेव्हा उशीवरून एक जीभ बाहेर आली. तिला दोन टोकं होती.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी कपड्यांच्या टोपलीवर बसले होते आणि भाऊजी मला माझ्याच डब्याच्या झाकणाने वारा घालत होते एवढं आठवतं. म्हणाले, "मेतकूट त्यांना मानवलं नाही वहिनी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मी तिथूनच तुमच्या आजोबांना फोन केला आणि म्हटलं, भाऊजींच्या पलंगावर घोरपड आहे. आजोबा म्हणाले, "वाटलंच मला. एवढं तूप कोणाला लागतंय."

तुम्हाला आठवत असेल, सिंगापूरच्या कालव्यांमधून घोरपडी मांजरांसारख्या मोकळ्या हिंडतात. कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. ही त्यातलीच एक, माझ्या हाताएवढी लांब. दोन वर्षं ती कालव्यावरून भाऊजींच्या अंगणात ऊन खायला येत असे. मग बिल्डिंगमधल्या कोणीतरी तक्रार केली, पिंजरा लावायचं ठरलं, आणि पिंजरा यायच्या आत भाऊजींनी तिला उचलून घरात घेतलं आणि पडदे ओढून टाकले. तीन महिने. ते स्वतः शुद्ध शाकाहारी, म्हणून तीही. दूधभात, पोळीचा कुस्करा, उकडलेला बटाटा. हळूहळू तिची शेपटी मधेच वाकडी झाली, जबडा सुजला, आणि आता तिला पाय उचलता येत नव्हते. पलंगाशेजारी भिंतीवर आखलेला तक्ता होता. तारीख, वेळ, किती खाल्लं, किती हालचाल. शेवटच्या दोन रकान्यांत सगळी शून्यं होती.

मला दुसरा धक्का बसला तो वर आल्यावर. जंगली जनावर परवानगीशिवाय घरात ठेवणं तिथे गुन्हा आहे. मी आयुष्यात ओळीत मधे घुसले नाही, मनाई आहे म्हणून एमआरटीच्या मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, आणि सहा दिवस गुन्ह्याला डबा पुरवत होते. मी मॅनेजमेंटला द्यायचं पत्र लिहायला बसले. तीन परिच्छेदांचं, व्यवस्थित पत्र झालं. पण भाऊजींना आधी सांगणं बरं, म्हणून ते घेऊन खाली गेले.

ते पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते आणि सिरिंजने तिच्या ओठांच्या कडेला पाणी सोडत होते. मी म्हटलं, "भाऊजी, हिला डॉक्टरकडे का नेत नाही?"

"नेलं तर कळेल सगळ्यांना. माझा पास आहे, वहिनी, एम्प्लॉयमेंट पास. वर्ष राहिलंय त्याचं. काढून घेतला तर आठवड्यात सामान बांधावं लागेल."

"आणि नाही नेलं तर?"

पाणी ओघळून शालीवर पडलं, ते त्यांनी पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मला सांगितलं, आता यांना घरी न्या. मी नेलं. घरी नेऊन पुढे करायचं काय, ते कोणी सांगितलंच नाही. मग मी तक्ता आखला."

तो तक्ता, ती शाल, ती खोली, सगळं त्यांच्या पत्नीच्या वेळचं होतं. मी हातातल्या पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. म्हटलं, "उद्या सकाळी नऊला. मी येते बरोबर. टॅक्सी मी बोलावते."

भाऊजींनी बाईसाहेबांना कपड्यांच्या त्याच टोपलीत निजवलं आणि वर शाल घातली. टॅक्सी चालवणारे म्हातारे चिनी गृहस्थ आरशातून दोनदा बघून म्हणाले, "आंटी, इनसाइड बेबी आह?" खोटं बोलायची मला सवय नाही. मी सांगितलं. त्यांनी सिग्नलला मागे वळून शाल जरा बाजूला केली. मला वाटलं, आता उतरवणार. ते म्हणाले, "व्हाय सो थिन? लास्ट टाइम माय मदर कीप चिकन, एग ऑल धिस फेलो ईट. यू गिव्ह एग, लाह." भाऊजींनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही दोघं पदवीधर.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बाईसाहेबांचा जबडा बोटाने दाबून बघितला, एक्स-रे काढला, आणि विचारलं, खायला काय देत होता?

"राइस," भाऊजी म्हणाले.

"राइस?"

"तूप घालून," मी म्हटलं. सगळं सांगितलेलं बरं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण सगळं स्पष्ट सांगितलं. हे मांस खाणारं जनावर आहे. याला हाडांसकट मासा लागतो, अंडं लागतं, आणि सगळ्यात जास्त ऊन लागतं. अंधारात ठेवून, भात खाऊ घालून याची हाडं मऊ पडली आहेत. अजून आठ दिवस असंच चाललं असतं तर काही करता आलं नसतं. भाऊजी टोपलीच्या कडेवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मीच."

"आपण दोघं," मी म्हटलं. "भात माझा होता."

कळवणं डॉक्टरबाईंना भाग होतं, आणि त्यांनी कळवलं. पण कोणाकोणाशी फोनवर बोलून त्यांनी एवढं मिळवलं, की बाईसाहेब चालायला लागेपर्यंत भाऊजींकडेच राहतील, दर आठवड्याला दाखवायला आणायचं, आणि नंतर ज्यांचं ते काम आहे ती माणसं त्यांना घेऊन जाऊन रानात सोडतील. पासचं काय, ते पुढे कळणार होतं. टॅक्सीत भाऊजी एवढंच बोलले, "म्हणजे बऱ्या झाल्या की जाणार."

आणि मग भाऊजींनी त्यांना बरं करायला जिवाचं रान केलं. तुआसहून रजा घेतली. पडदे काढून धुवायलाच टाकले. अंगणात मच्छरदाणी लावून आत बाईसाहेबांना उन्हात निजवलं, आणि शेजारी वेल्डिंगचा गॉगल लावून स्वतः बसले. ज्या माणसाने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, तो कंपनीचे जाड हातमोजे घालून अंडं फोडू लागला. मासे आणायचं काम माझ्याकडे आलं. मी मासळीबाजारात यादी घेऊन उभी राहिले आणि माशांचे डोळे चुकवत म्हटलं, लहान, सबंध, काटे काढू नका. कोळीण म्हणाली, "आंटी, यू फ्राय ऑर स्टीम?" मी म्हटलं, रॉ. तिने माझ्याकडे बघून दोन मासे जास्त टाकले. ते मासे माझ्या फ्रीजमध्ये, माझ्या दह्याच्या शेजारी राहिले. मी डब्यावर लेबल लावलं, 'तळमजला'. आपण काय करतो आहोत याचा धक्का मला रोज सकाळी फ्रीज उघडला की नव्याने बसे.

तक्त्यात शून्यांच्या जागी आकडे येऊ लागले. आधी अर्धं अंडं, मग एक. मग पुढचा उजवा पाय. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की जबड्यात ताकद आली का हे ती चावेल तेव्हा कळेल. पाचव्या आठवड्यात एका दुपारी आमची बेल सलग वाजली. दारात भाऊजी, बोटावर टॉवेल, टॉवेल लाल, आणि चेहरा मुलगा झाल्यासारखा. "वहिनी, चावल्या. हाडापर्यंत चावल्या." आजोबा त्यांना नोव्हेनाला घेऊन गेले. पत्नी गेल्यानंतर त्या हॉस्पिटलात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. संध्याकाळी चार टाके घालून आले आणि माझ्याकडे शिरा खाताना म्हणाले, "आज त्यांनी मला घरी जा म्हणून सांगितलं, तेव्हा खरंच घरी जाण्यासारखं होतं."

बाईसाहेबांना न्यायला माणसं आली तेव्हा आम्हालाही बरोबर येऊ दिलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला खारफुटीचं रान आहे, तिथे. पेटीचं दार उघडलं. बाईसाहेब बाहेर आल्या, जीभ काढून हवा चाखली, आणि वाकडी शेपटी ओढत चिखलातून सरळ निघून गेल्या. एकदाही मागे बघितलं नाही. मला त्याचाही धक्का बसला. काही नाही तरी सहा डबे होते माझे. भाऊजी म्हणाले, "बऱ्या माणसाचं लक्ष पुढे असतं, वहिनी." दुसऱ्या दिवशी माझे सगळे डबे परत आले, घासून, प्रत्येकाला त्याचंच झाकण लावून.

पास गेला नाही. कडक शब्दांचं ताकीदपत्र आलं, ते त्यांनी तक्त्याशेजारी भिंतीवर लावलं. वर्षाने करार संपला आणि ते पुण्याला परत गेले. तिथून अधूनमधून त्यांचा मेसेज येई. तुमच्या आजोबांची चौकशी, मग एक ओळ: बाईसाहेब दिसल्या का? मी प्रामाणिकपणे लिहीत असे, नाही. त्यांची तब्येत ठीक नसल्याचं आजोबांना कळलं, त्याच आठवड्यात मी कालव्यावरून चालत होते. काठाच्या काँक्रीटवर एक मोठी घोरपड पसरली होती. मी जन्मात पहिल्यांदा एका घोरपडीसाठी थांबले आणि निरखून बघितलं. शेपटी सरळसोट होती. बाईसाहेब तिथून किती मैल लांब सोडलेल्या, हे मलाही माहीत होतं आणि भाऊजींनाही. मी तिथेच कठड्याला टेकून लिहिलं, "आज दिसल्या. अंग भरलंय. शेपटी तशीच."

रात्री उत्तर आलं, "उन्हात होत्या का?"

मी हो म्हणून लिहिलं. तेवढं मात्र खरं होतं.